गाठ, चट्टा आणि आपला हात : स्वतःचं अंग चाचपण्याच्या भीतीचा इतिहास

आज आपण निडीत जमलो आहोत. पनवेल–रोहा मार्गावर नागोठणं गेलं की रोह्याच्या अलीकडे जे लहान स्टेशन लागतं ते हे. पेण आणि रोहा यांच्यामधल्या या पट्ट्याचा इतिहास म्हटला की लोकांना किल्ले आठवतात, मिठागरं आठवतात, पेणचे गणपती आठवतात. आजचा विषय यातला एकही नाही. आजचा विषय आपल्या प्रत्येकाच्या अंगाशी आहे, अगदी शब्दशः.

अंघोळ करताना हात काखेत जातो. बोटाला काहीतरी लागतं. हरभऱ्याएवढं, कदाचित त्याहूनही लहान. हात थांबतो. पुन्हा चाचपून बघतो. मग दुसऱ्या काखेत तसंच आहे का ते बघतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्या दिवशी ती जागा दुखायला लागते, आणि दुखतंय म्हणजे काहीतरी असणारच, अशी खात्री पटते. काही जण हे दिवसातून पन्नास वेळा करतात. काही जण याच्या बरोबर उलट वागतात. तिकडे हातच लावायचा नाही, अंघोळीलासुद्धा ती जागा टाळायची. दोघांची भीती एकच असते, फक्त तोंडं दोन दिशांना असतात.

अशा माणसाला आपण काय म्हणतो? ‘मनाचे खेळ आहेत’, ‘रिकामं डोकं’, ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’. यात थोडं तथ्य असेलही. पण इतिहास शिकणाऱ्याने एवढ्यावर थांबू नये. हा हात असा घाबरायला कधी शिकला? कोणी शिकवलं? आणि ज्या ज्या वेळी ही भीती कमी झाली, त्या त्या वेळी ती कशाने झाली? या तीन प्रश्नांसाठी आपण महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशे वर्षांतून जाणार आहोत. मुक्काम तीन आहेत : प्लेगची गाठ, महारोगाचा चट्टा आणि कॅन्सरची गाठ.

आधी अवधाण होतं

सुरुवात एका साध्या शब्दाने करू. पायाला काटा बोचला, जखम चिघळली, की जांघेत गाठ येते. आपल्याकडे त्याला ‘अवधाण’ म्हणतात. भातशेती करणाऱ्या, चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसाला अवधाण नवीन नव्हतं. घरातलं वडीलधारं माणूस विचारायचं, पायाला काय लागलंय बघ. पाय बरा झाला की अवधाण बसायचं. आजचं वैद्यकही वेगळं काही सांगत नाही. जांघेतल्या लसिकाग्रंथी पायाकडून येणारा जंतुसंसर्ग अडवतात आणि त्या कामात सुजतात. एवढंच कशाला, पूर्णपणे धडधाकट माणसाच्या जांघेतही लहान, सरकणाऱ्या ग्रंथी हाताला लागू शकतात.

म्हणजे गाठ लागणं ही लोकांच्या ओळखीची गोष्ट होती. तिला नाव होतं, कारण होतं, तिचा शेवटही ठाऊक होता. भीती केव्हा वाटते? नाव, कारण आणि शेवट या तिन्ही गोष्टी हातातून निसटतात तेव्हा. १८९६ साली नेमकं तेच झालं.

गाठीची साथ

२३ सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एक रोगी तपासला आणि हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, गोदामं म्हणजे उंदीर. पण उंदीर आणि पिसू यांचा संबंध तेव्हा सिद्ध झालेला नव्हता. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये १८९४ साली सापडला होता. तो पिसवेमार्फत माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि ते सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली. तोवर रोग हवेतून येतो की जमिनीतून, धान्यातून की स्पर्शातून, यावर नुसता वाद.

लोकांना मात्र एक गोष्ट पक्की कळली होती. ताप भरतो आणि गाठ येते. जांघेत, काखेत किंवा मानेत. मराठीत नावंच तशी पडली : गाठीचा ताप, गाठीची साथ. वैद्यांच्या भाषेत ग्रंथिक सन्निपात. संसर्ग झाल्यापासून साधारण एक ते सात दिवसांत लक्षणं दिसतात, आणि उपचार नसतील तर मोठ्या संख्येने रोगी दगावतात. तेव्हा उपचार नव्हताच.

आता कल्पना करा. जे अवधाण म्हणून ओळखीचं होतं, त्याच जागी, तशीच गाठ. पण आता तिचा अर्थ आठवड्याभरात मरण. हात आपोआपच तिकडे जाणार. पहाटे उठल्यावर पहिलं काम तेच असणार.

पण मरणाच्या भीतीशेजारी दुसरी एक भीती होती, आणि आजच्या विषयाला ती जास्त महत्त्वाची आहे. गाठ *दुसऱ्याला सापडण्याची* भीती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. सरकारला घरात शिरण्याचे, प्रवाशांना तपासण्याचे, संशयिताला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना वेगळ्या छावणीत नेण्याचे अधिकार मिळाले. रेल्वे स्टेशनांवर आणि बंदरांवर प्रवाशांना रांगेत उभं करत. नाडी बघत, काखा आणि जांघा चाचपत. स्त्रियांनाही. ज्या समाजात परक्या पुरुषाने हाताला धरणंसुद्धा अपमानाचं, तिथे फलाटावर, चारचौघांत, जांघ चाचपली जात होती.

या पट्ट्याला हे लांबचं नव्हतं. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव १९८१ साली आलं. इथे रेल्वे नव्हती. मुंबईला जायचं ते धरमतरच्या किंवा रेवसच्या वाटेने, पाण्यावरून. इथली माणसं मुंबईत गिरण्यांत, गोदीत, घरकामाला होती. साथीच्या पहिल्या काही महिन्यांत मुंबईची जवळपास निम्मी वस्ती शहर सोडून निघून गेली. ती कुठे गेली? आपापल्या गावी. खाडी ओलांडून माणसं आली, त्यांच्या गाठोड्यांतून पिसवा आल्या, आणि साथ कुलाबा जिल्ह्यातही पोचली. मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाकडे गाव संशयाने बघायला लागलं. हे वाक्य ऐकताना तुम्हाला २०२० आठवलं असेल. तिथेही आपण येणार आहोत.

या तपासणीचा परिणाम काय झाला? लोक अधिक निरोगी झाले का? नाही. लोक लपवायला लागले. गाठ आलेल्या माणसाला माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे, अंथरुणाखाली दडवायचे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात नेऊन माणसाची मोमियाई काढतात, अशी अफवा होती. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात एका मुलीला संशयित म्हणून तपासायला पथक आलं आणि दंगल उसळली. पुण्यात मार्च १८९७ पासून गोऱ्या सैनिकांनी घरं झडतीला घेतली. पुढे २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्या इतिहासाकडे आज आपण वेगळ्या बाजूने बघतो आहोत. ज्या गोष्टीने पुणं पेटलं त्यात एक गोष्ट *स्पर्श* होती. कोणाचा हात, कोणाच्या परवानगीने, कोणाच्या अंगाला.

त्याच मार्च महिन्यात, त्याच पुण्यात, दुसरा एक हात होता. सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या वस्तीतून प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन, पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात नेलं. मूल वाचलं. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकाच गावात, एकाच महिन्यात, रोग्याच्या अंगाला लागणारे हे दोन हात. यातल्या कुठल्या हाताला लोकांनी आपणहून गाठ दाखवली असती, हे वेगळं सांगायला नको.

सरकारलाही हे हळूहळू कळलं. १८९८ नंतर सक्ती सैल होत गेली. स्थानिक पुढारी, वैद्य, जातीजातींची इस्पितळं यांना वाव मिळाला. लोक आपणहून गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायला लागले, आणि उंदरांपासून लांब गेल्यामुळे त्याचा खरोखर उपयोगही होत होता. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. ती घ्यायला लोक पुढे आले, तेही जिथे विश्वास होता तिथे. तरीही पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्या पिढीच्या हाताला जी सवय लागली, ती घराघरांतून पुढे आली असेल तर नवल नाही.

आमच्या मते पहिला धडा असा : माणूस स्वतःला भीतीने तपासतो, कारण सापडल्यावर काय *केलं जाईल* याची त्याला धास्ती असते. रोग हे त्या धास्तीचं अर्धंच कारण.

सुन्न चट्टा

दुसरा मुक्काम महारोगाचा. आज आपण कुष्ठरोग म्हणतो, आणि तेच म्हणावं.

प्लेगची भीती आठवड्याची होती. आठवडा टळला की सुटलो. कुष्ठरोगाची गोष्ट उलटी. जंतू अंगात गेल्यापासून लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीससुद्धा. म्हणजे एकदा संशय घेतला की माणूस वर्षानुवर्षं कातडी न्याहाळत बसू शकतो. आणि बघायचं काय, तर फिकट किंवा तांबूस, बधिर चट्टा. आपल्या दमट हवेत अंगावर चट्टे यायला कितीशी कारणं लागतात? शिबं आहे, नायटा आहे, मुलांच्या गालावरचे पांढरट डाग आहेत, कोड आहे. यातला प्रत्येक डाग आरशासमोर संशयित व्हायचा. मग सुई घ्यायची आणि टोचून बघायचं, कळतंय की नाही. आता भीतीने टोचणाऱ्या माणसाची गंमत अशी असते की, एकदा कळतं, एकदा कमी कळल्यासारखं वाटतं, म्हणून तो तिसऱ्यांदा टोचतो. दहाव्यांदा टोचल्यावर त्या जागी आग होते, आणि आता खरंच काय वाटतंय ते त्याचं त्यालाच सांगता येत नाही.

आणि सापडला चट्टा, तर? जंतू हॅन्सन यांनी नॉर्वेत १८७३ सालीच दाखवला होता, पण समाजासाठी तो पापाचा रोगच राहिला. मुंबईत १८९० साली म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा-वडाळा भागात कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. १८९८ साली कायदा आला, त्यात निराधार कुष्ठरोग्याला अटक करून आश्रमात ठेवायची तरतूद होती. हा कायदा पुस्तकातून पूर्ण निघून जायला २०१६ साल उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून विवाह कायद्यांत होतं, ते २०१९ साली काढलं गेलं. लक्षात घ्या, २०१९. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत. घरातल्या सुनेच्या पाठीवर चट्टा दिसला तर तिने तो का लपवावा, याचं उत्तर या तारखांमध्ये आहे.

इथे बाबा आमट्यांची गोष्ट सांगायला हवी. ती आपण सेवेची गोष्ट म्हणून ऐकतो, पण मुळात ती भीतीची गोष्ट आहे. वरोऱ्याला वकिली करणारा, शिकार केलेला, गोऱ्या सोजिरांशी दोन हात केलेला हा माणूस. भंगीकामही त्याने स्वतः करून पाहिलं होतं. आणि एका रात्री पावसात, गटारापाशी पडलेला, बोटं झडलेला तुळशीराम त्याला दिसतो, आणि तो घाबरून पळतो. बाबांनी हे स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं. महत्त्वाचं आहे ते त्यांनी पुढे काय केलं ते. घरी जाऊन स्वतःला तपासत बसले नाहीत, आणि ‘मला भीती नाही’ असं घोकतही बसले नाहीत. ते परत गेले. तुळशीरामची शुश्रूषा केली. मग कलकत्त्याला जाऊन या रोगाचं रीतसर शिक्षण घेतलं. म्हणजे जवळ जाणं आणि नीट माहिती घेणं, या दोन गोष्टी. १९५१ साली आनंदवनाचं उद्घाटन झालं ते विनोबांच्या हस्ते, आणि विनोबा कुठले? आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. पनवेलजवळ नेऱ्याचं शांतिवन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याच परंपरेतलं काम.

पण प्रामाणिकपणे सांगायचं, तर कुष्ठरोगाची भीती मोडली ती फक्त थोर माणसांनी नाही. ती गोळ्यांनी मोडली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. आपल्याकडे १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रम त्यावर उभा राहिला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या. उपचार सुरू झाल्यावर रोगी लवकरच इतरांसाठी संसर्गाचा उरत नाही. शिवाय बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती असतेच. गावोगाव कुष्ठरोग तंत्रज्ञ हिंडायचे. कापसाची पिळी किंवा पेनाचं टोक लावून विचारायचे, ‘कळतंय का?’ तीच तपासणी, जी माणूस रात्री आरशासमोर सुईने करत होता. पण इथे ती एकदाच व्हायची, दिवसाउजेडी, शिकलेल्या हाताने. आणि चट्टा निघालाच तर पुढे पकडवॉरंट नव्हतं, गोळ्यांचं पाकीट होतं.

हा दुसरा धडा. खात्रीचा उपचार आणि एकदाच नीट केलेली तपासणी मिळाली, की हात आपोआप थांबायला लागतो.

मधला एक थांबा : हात लावण्याचीच भीती

मोठ्या मुक्कामाआधी एक लहान थांबा घेऊ. विषय थोडा संकोचाचा आहे, पण टाळला तर इतिहास अर्धा राहील. आजवर आपण चाचपण्याच्या भीतीबद्दल बोललो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तरुण मुलांना दुसरीच भीती घातली जात होती : स्वतःच्या अंगाला हात लावलास तर क्षय होईल, डोळे जातील, धातू जाऊन शरीर खंगेल. वर्तमानपत्रांत शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती त्यावरच चालायच्या. मुलगा रोज आरशात गाल बसलेत का बघायचा, लघवीचा रंग बघायचा, नाडी बघायचा. या प्रकाराला १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं.

पण विग यांच्याआधी तीन दशकं मुंबईत एक माणूस या भीतीशी एकट्याने झगडत होता. रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. वाचक त्यात पत्र लिहून शंका विचारायचे, कर्वे सरळ उत्तर द्यायचे : यात रोग नाही, अपाय नाही. या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण लोकांना शंका विचारायचा आणि खरं उत्तर मिळवायचा हक्क आहे, ही बाजू एका मराठी मासिकासाठी कोर्टात मांडली गेली, हे आपण विसरू नये.

बाईच्या हातातली गाठ

तिसरा मुक्काम. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. पुढच्या काही दशकांत मुंबईसारख्या शहरात स्तनांचा कॅन्सर वाढताना दिसायला लागला, आणि जगभरातून एक सल्ला आला : प्रत्येक स्त्रीने महिन्यातून एकदा स्वतःचे स्तन ठरावीक पद्धतीने तपासावेत. पोस्टरं लागली, आकृत्या छापल्या, महिला मंडळांत भाषणं झाली.

आता जिथे बायका अंगावर लुगडं ठेवून न्हायच्या, तिथे स्वतःचं अंग ओळखायला शिकणं ही मोठीच गोष्ट होती. तिचं मोल कमी करायचं नाही. पण सल्ला खरोखर जीव वाचवतो का, हे तपासणं हेसुद्धा शास्त्राचं काम. ते झालं चीनमध्ये, शांघायच्या कापड गिरण्यांत. २,६६,०६४ स्त्री कामगार. अर्ध्या जणींना स्वतपासणी शिकवली, पुन्हा पुन्हा आठवण दिली, देखरेखीखाली सराव करून घेतला. अर्ध्या जणींना नाही. दहा-अकरा वर्षं पाठपुरावा केला. २००२ साली निकाल आला. शिकवलेल्या गटात स्तनांच्या कॅन्सरने १३५ मृत्यू, न शिकवलेल्या गटात १३१. फरक नाही. फरक पडला तो दुसरीकडे : निरुपद्रवी गाठींसाठी तुकडा काढून तपासण्याचं प्रमाण शिकवलेल्या गटात जवळपास दुप्पट होतं. म्हणजे भीती, चकरा, टाके, खर्च. सगळं अशा गाठींसाठी ज्यांनी काहीच केलं नसतं.

मग आपल्या मुंबईची गोष्ट ऐका, ती मला वाटतं जास्त शिकवते. टाटा मेमोरियलच्या मंडळींनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया. त्यातल्या अर्ध्या वस्त्यांमध्ये शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येऊन स्तनांची तपासणी करायच्या. डॉक्टर नाहीत, मोठी यंत्रं नाहीत, फक्त शिकलेले हात. वीस वर्षांचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये तसा फायदा दिसला नाही.

शांघाय आणि मुंबई हे दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा. स्वतःचा हात, महिन्या-महिन्याला : फायदा नाही, भीती दुप्पट. शिकलेला दुसरा हात, दोन वर्षांतून एकदा : फायदा. आज म्हणूनच ‘पाठ करून तपासा’ याऐवजी ‘आपलं अंग ओळखीचं असू द्या, नवीन बदल दिसला तर दाखवा’ असं सांगतात.

हात दुखतो तो का?

आता थोडं मनाच्या शास्त्राकडे. १९८६ साली इंग्लंडमध्ये सालकोव्स्किस आणि वॉर्विक यांनी एक साधी गोष्ट मांडली. आजाराची धास्ती घेतलेला माणूस अंग तपासतो किंवा दुसऱ्याला विचारतो, तेव्हा त्याला बरं वाटतं, पण थोडा वेळ. ते बरं वाटणंच त्याला पुन्हा तपासायला लावतं. खाजेसारखं. खाजवल्यावर जे सुख मिळतं तेच खाज वाढवतं.

नेदरलँड्समध्ये २००३ साली एक प्रयोग झाला. संगणकावर गॅसच्या शेगडीचं चित्र. लोकांना बटणं बंद केली का ते पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. त्यांची आठवण चुकीची झाली नाही, पण आठवणीवरचा विश्वास घसरला. जितकं तपासलं तितकी खात्री कमी. सुईने दहाव्यांदा टोचणाऱ्या त्या माणसाचं हेच झालं होतं.

त्यात शरीराची भर. ग्रंथी पुन्हा पुन्हा दाबली की ती जागा हुळहुळी होते, दुखते, कधी थोडी सुजतेही. म्हणजे शोधणारा हातच पुरावा तयार करतो. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो. इथे हातही मनाच्या बाजूने साक्ष द्यायला लागतो. चरकसंहितेत रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला पहिलं स्थान दिलं आहे. आणि वैद्याने रोगी तपासावा तो दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तिन्हींनी. रात्री अंधारात स्वतःला चाचपणाऱ्याकडे यातलं फक्त स्पर्शन असतं. बघायला उजेड नाही आणि प्रश्न विचारायला दुसरं माणूस नाही.

यावर उपचार आहे, आणि तो तपासून बघितलेला आहे. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात इस्पितळात येणारे, आजाराची तीव्र धास्ती असलेले ४४४ रुग्ण घेतले होते. विचार आणि वागणूक बदलण्याची मोजकी सत्रं दिल्यावर धास्ती कमी झाली आणि ती सुधारणा टिकली. काही ठिकाणी ही सत्रं परिचारिकांनी घेतली होती. म्हणजे त्यासाठी थोरामोठ्या तज्ज्ञाचाच दरवाजा ठोठवावा लागतो असं नाही.

मग आपण काय करायचं?

इतिहासाच्या व्याख्यानात सल्ला द्यायचा नसतो, पण या विषयात इतिहासच सल्ला देतोय, तो आपण फक्त मोजून घेऊ.

एक. हाताला काही लागलं तर ते एकदा उजेडात बघा, आणि तारीख लिहून ठेवा. मग हात काढून घ्या. दोन-तीन आठवडे जाऊनही ते राहिलं, वाढलं, घट्ट वाटलं, स्तनात नवी गाठ किंवा त्वचेत बदल दिसला, बधिर चट्टा दिसला, सोबत ताप किंवा वजन घटणं असलं, तर दाखवा. लपवू नका. प्लेगच्या काळात लपवण्याला कारण होतं, आज नाही.

दोन. दाखवायचं ते एकाच डॉक्टरला, ओळखीच्या. पाच ठिकाणी पाच मतं घेतली की पाचवा संशय हमखास पदरात पडतो.

तीन. डॉक्टरांनी ‘काही नाही’ सांगितल्यावर पुन्हा चाचपायची जी उबळ येते, ती लगेच भागवू नका. दहा मिनिटं थांबा. मग अर्धा तास. उबळ चढते आणि उतरतेही. ती आपोआप उतरते, हे एकदा अनुभवाला आलं की अर्धी लढाई झाली.

चार, आणि हे घरच्यांसाठी. ‘बघ ना गं, इथे गाठ आहे का?’ असं रोज विचारणाऱ्या माणसाची रोज काख चाचपून ‘काही नाहीये’ सांगणं ही माया नाही, खाजवून देणं आहे. पण चिडून झिडकारूही नका. ‘परवा डॉक्टरांनी बघितलंय, आता आपण चहा करू’ एवढं पुरतं.

पाच. एवढं करूनही दिवस त्यातच जात असेल, कामावर लक्ष लागत नसेल, तर ते मदत मागण्यासारखं दुखणं आहे. ‘टेली-मानस’ ही सरकारची विनामूल्य सेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं.

शेवटी २०२० कडे येऊ. त्या मार्चमध्ये राज्याने करोनासाठी पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू केला. मुंबईहून कोकणात येणाऱ्या माणसाकडे गाव पुन्हा तसंच बघायला लागलं. कपाळासमोर तापमापक, बोटाला ऑक्सिमीटर. किती घरांत माणसं रात्री दर तासाला उठून तो आकडा बघत होती! ९७ चे ९६ झाले की काळजाचं पाणी. गाठ गेली आणि आकडा आला. हात तोच होता.

पण एक गोष्ट बदलली होती. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा दारात आली ती गावातलीच आशाताई. तिला आपण नावाने हाक मारतो, तिची मुलं आपल्या शाळेत आहेत. तिने दारातच विचारलं, ‘ताई, बोट द्या बघू.’ आकडा वहीत लिहिला आणि पुढच्या घरी गेली. १८९७ साली फलाटावर जी तपासणी झाली, तिच्या मानाने ही किती वेगळी आहे, ते बघा. सव्वाशे वर्षांत आपण जर काही शिकलो असू, तर ते या दारात दिसतं.

तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, जे गुपचूप रात्री काख चाचपतं, किंवा गाठ आहे हे ठाऊक असून वर्षभर कोणाला सांगत नाही, तर त्या माणसाला हसू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जा. नागोठण्यापर्यंत, रोह्यापर्यंत, जिथे असेल तिथे. त्याला आधी माहिती लागत नाही, सोबत लागते.

इथे थांबतो. शंका असतील तर आता विचारा. संकोचाच्या असतील तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव घालायची गरज नाही.